रक्तात नव्हे, जखमेवर

माहुल गावाच्या एका अंगाला तिवरांचं रान आणि खाडी, दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने, आणि ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी टेक्नेशियम आणि गॅलियम ज्या रेणूंना जोडून पाहिलं, त्यांत एक फार लहान रेणू आहे. त्याचं नाव यूबीआय 29-41. आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या युबिक्विसिडिन या जंतुनाशक पेप्टाइडाचा तो 13 अमिनो आम्लांचा तुकडा. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी तो आधी पुढे आणला. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला काही महिन्यांनी तिथे दुखू लागलं, सूज आली, की डॉक्टरांपुढे पेच उभा राहतो: ही नुसती सूज आहे, की आत जिवाणूंनी ठाण मांडलंय? हा तुकडा किरणोत्सारी करून शिरेतून दिला, की तो रक्तातून फिरत जिवाणू असतील तिथे जाऊन चिकटतो आणि गॅमा कॅमेऱ्यावर ती जागा उजळून दिसते. जिवाणूंवाचून आलेल्या सुजेत तो तसा साठून राहत नाही. जंतुनाशक पेप्टाइडांविषयी आज जी आशा बोलून दाखवली जाते, तिला यापेक्षा भक्कम आधार मला दिसत नाही. जिवंत माणसाच्या शरीरात, अब्जावधी मानवी पेशींच्या गर्दीत, हा एवढासा रेणू नेमका जिवाणू ओळखतो. पण त्याच प्रयोगात आशेची मर्यादाही आहे. इथे पेप्टाइड काही मायक्रोग्रॅम इतकंच दिलेलं असतं. ते जिवाणू दाखवतं, मारत नाही.

दाखवणं आणि मारणं यांतलं हे अंतर वनस्पतींतल्या जंतुनाशक पेप्टाइडांच्या बाबतीत फार मोलाचं आहे, आणि नेमकं तेच उत्साहाच्या भरात विसरलं जातं. माझं म्हणणं असं आहे: झाडांमधली ही पेप्टाइडं जिवाणू खरोखर मारतात, त्यावर शंका घ्यायला आता जागा नाही. पण त्यांना पेनिसिलिनच्या किंवा मेरोपेनेमच्या जागी, इंजेक्शनच्या बाटलीत बसवण्याचा हट्ट धरला तर पदरी निराशा येईल आणि त्या निराशेत चांगला विषयही बदनाम होईल. त्यांची पहिली जागा कातडीवर, जखमेवर, रुग्णाच्या शरीरात घातलेल्या नळ्यांच्या पृष्ठभागावर आणि फळबागेत आहे. असं मी का म्हणतो, ते पुराव्यानिशी पाहू.

आधी ही ओळख पटते कशी ते समजून घ्यायला हवं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. हीच लांबली की आपण तिला प्रथिन म्हणतो. जंतुनाशक पेप्टाइडांत आर्जिनिन आणि लायसिन या धनभारित अमिनो आम्लांचा भरणा असतो. यूबीआयच्या 13 पैकी 6 जागा त्यांनीच अडवलेल्या आहेत. जिवाणूच्या पेशीपटलाची बाहेरची बाजू ऋणभारित असते, तर आपल्या पेशींच्या पटलाची बाहेरची बाजू जवळपास भाररहित, शिवाय कोलेस्टेरॉलने घट्ट झालेली. त्यामुळे पेप्टाइड जिवाणूकडे ओढलं जातं, त्याच्या पटलात शिरतं, पटल फाटतं किंवा गळू लागतं आणि पेशीतला ऐवज बाहेर पडतो. नेहमीचं अँटिबायोटिक जिवाणूच्या एखाद्या ठरावीक प्रथिनावर घाव घालतं. त्या प्रथिनाचा एखादा भाग जिवाणूने बदलला, की औषध निकामी. अख्खं पटल बदलणं मात्र जिवाणूला सोपं नाही. ही झाली या पेप्टाइडांच्या बाजूची मुख्य दलील.

झाडांना ही विद्या अवगत असणं स्वाभाविक आहे. आपल्या रक्तातून जंतूंच्या मागे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. झाडाला रक्त नाही, फिरत्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशीला आपलं रक्षण आपणच करावं लागतं. बी तर ओल्या मातीत पडतं आणि मातीत बुरशी व जिवाणू वाट पाहतच असतात. म्हणून बियांमध्ये अशा पेप्टाइडांचा साठा सापडतो. गव्हाच्या पिठातून प्युरोथायोनिन हे पेप्टाइड अमेरिकेत 1942 मध्ये स्फटिकरूपात वेगळं केलं गेलं आणि ते जिवाणू व बुरशी मारतं हे त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. पेनिसिलिन अजून रुग्णालयांत सर्रास मिळतही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. पुढे 1990 च्या दशकात बेल्जियममधल्या लूव्हेनच्या प्रयोगशाळेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बियांमागून बिया तपासल्या. त्यांची यादी वाचताना मराठी वाचकाला आपल्याच परसात उभं असल्यासारखं वाटेल: मुळा, गुलबक्षी, राजगिऱ्याच्या कुळातला ॲमरँथस कॉडेटस, आणि तेरडा. गौरीच्या दिवसांत मुंबईच्या बाजारात जुड्यांनी येतो तो हाच तेरडा. त्याचा रंग तीन दिवसांचा म्हणतात, पण त्याच्या बियांतली पेप्टाइडं टिकाऊ निघाली. 1997 मध्ये ती जगापुढे आली. अवघी 20 अमिनो आम्लं, दोन गंधक-बंधांनी आवळून बसवलेली. तोवर झाडांत सापडलेल्या जंतुनाशक पेप्टाइडांत सर्वांत लहान. झाड ती एकेक करून बनवत नाही. एकाच लांब प्रथिनात सहा पेप्टाइडं ओळीने गुंफलेली असतात आणि मग ती कापून सुटी केली जातात. बुरशी आणि काही जिवाणू त्यांनी रोखले, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना त्यांनी इजा केली नाही. मेथीतल्या डिफेन्सिन जातीच्या जंतुनाशक पेप्टाइडावर हैदराबाद विद्यापीठात काम झालं. शेवग्याच्या बियांतल्या प्रथिनाचा एक तुकडा, फ्लो, स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तपासला तेव्हा औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवरही तो चालला. सुदानमध्ये नाईलचं गढूळ पाणी शेवग्याच्या बियांनी निवळवण्याची जी रीत आहे, तिच्यामागे हेच धनभारित प्रथिन आहे: ते मातीचे ऋणभारित कण गोळा करून खाली बसवतं आणि जिवाणूंचं पटलही बिघडवतं.

ही यादी मनाला सुखावते, पण ती बारकाईने वाचली तर एक अडचण लगेच दिसते. गुलबक्षीची पेप्टाइडं 13 प्रकारच्या बुरशींवर चालली. जिवाणूंपैकी मात्र दोन ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवरच, आणि ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर अजिबात नाही. राजगिऱ्याची आणि तेरड्याची कथा फार वेगळी नाही. मेथीचंही काम मुख्यतः बुरशीवर. यात नवल काही नाही. झाडांचा मोठा शत्रू बुरशी आहे, आणि शस्त्र शत्रू पाहूनच घडतं. मुंबईतल्या अतिदक्षता विभागांची डोकेदुखी मात्र वेगळी आहे. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास हे सगळे ग्रॅम-निगेटिव्ह, दुहेरी पटलाचे जिवाणू. 2010 मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या, मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंत ती औषधं मोडणारं एनडीएम-1 हे विकर मोठ्या प्रमाणात असल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हापासून हा प्रश्न हलका झालेला नाही. जगभरात 2019 या एका वर्षात औषधरोधी जिवाणूंमुळे थेट 12 लाख 70 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये 2022 साली आला. म्हणजे जिथे गरज सर्वांत मोठी, तिथेच झाडांचं शस्त्र सर्वांत बोथट. याला ठळक अपवाद गोकर्णाचा. कुंपणावर चढणाऱ्या या निळ्या फुलांच्या वेलीत सिंगापूरच्या संशोधकांना 2011 मध्ये सायक्लोटाइड जातीची पेप्टाइडं सापडली. त्यांतल्या काहींनी ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि स्युडोमोनास या तिघांनाही रोखलं. पण त्याच पेप्टाइडांनी प्रयोगशाळेतल्या मानवी कर्कपेशीही मारल्या. गोकर्णाकडे मी पुन्हा वळणार आहे, कारण आशा आणि धोका इतके जवळ दुसरीकडे क्वचित दिसतात.

या सगळ्या विखुरलेल्या शोधांना एका जागी आणण्याचं मोठं काम मुंबईतच झालं आहे आणि त्याची जाण इथल्या सामान्य वाचकाला फारशी नाही, याचं मला वाईट वाटतं. परळच्या जहांगीर मेरवानजी मार्गावर आयसीएमआरची प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था आहे. तिथल्या सुझन इडिकुला-थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘कॅम्प’ हा जंतुनाशक पेप्टाइडांचा माहितीसंच जगाला खुला केला. सुरुवातीला त्यात 3,700हून थोड्या अधिक साखळ्या होत्या. चौथ्या आवृत्तीपर्यंत त्या 24 हजारांच्या पुढे गेल्या. झाडं, बेडूक, कीटक, माणूस, जिवाणू, कुणीही घडवलेलं पेप्टाइड असो, त्याचा अमिनो आम्लांचा क्रम, ते कशावर चालतं, हे तिथे फुकट पाहता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एखादी नवी साखळी दिली तर ती जंतुनाशक असण्याची शक्यता किती, हे गणिताने सांगणारी साधनंही तिथे आहेत. ज्ञात पेप्टाइडांवर शिकवलेली ही साधनं पहिल्याच आवृत्तीत दहापैकी नऊ वेळा बरोबर निघत होती. एखाद्या झाडाची जनुकं वाचली, त्यातून हजारो संभाव्य साखळ्या निघाल्या, तर त्यांतल्या कोणत्या प्रयोगशाळेत बनवून पाहायच्या हे ठरवायला याचा उपयोग होतो. झाड उपटून, वाटून, गाळून शोधण्याचे दिवस त्यामुळे बरेच मागे पडले. तरीही संगणक सांगतो ते एवढंच, की ही साखळी जंतुनाशकांसारखी दिसते. किती मात्रा लागेल, मिठात चालेल का, रक्तपेशी फोडेल का, ही उत्तरं साखळीच्या क्रमावरून अजून भरवशाने मिळत नाहीत. औषधाचं भवितव्य तर त्याच प्रश्नांवर ठरतं.

मिठाचा प्रश्न मला सर्वांत कळीचा वाटतो. पेप्टाइड आणि जिवाणू यांच्यातली ओढ विजेच्या भारांची आहे. पाण्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे धनभारित आयन असले की ते जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागावर आधीच जागा धरतात आणि पेप्टाइडाची ओढ सैल पडते. गुलबक्षी आणि राजगिरा यांच्या पेप्टाइडांवरच्या मूळ शोधनिबंधांतच हे नोंदलेलं आहे: आयनांच्या सान्निध्यात त्यांचा असर झपाट्याने घटतो. प्रयोगशाळेतल्या पातळ माध्यमात काही मायक्रोग्रॅमला जिवाणू मारणारं पेप्टाइड रक्ताच्या 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात कितीतरी दुबळं पडू शकतं. वर्तमानपत्रात ‘अमुक झाडाच्या बियांनी सुपरबग मारला’ अशी बातमी आली तर वाचकाने पहिला प्रश्न हाच विचारावा, की कोणत्या पाण्यात? त्यात रक्तद्रव होता का, मीठ होतं का? बहुतेकदा उत्तर नाही असंच असतं. मग यूबीआय रक्तात जिवाणू कसा शोधतो? शोधायला थोडे रेणू चिकटले तरी पुरतात. मारायला पटल फुटेपर्यंत दाटी व्हावी लागते.

दुसरी अडचण विकरांची. आपल्या पोटात आणि रक्तात प्रथिनं कापणारी विकरं असतात, त्यांना पेप्टाइड म्हणजे खाद्यच. इथेच अनेक वाचकांच्या मनातल्या एका शंकेचं उत्तर आहे: ही पेप्टाइडं मेथीत, मुळ्यात, गव्हात आहेतच, तर मग भाजी खाऊन किंवा काढा पिऊन जंतुसंसर्ग बरा का होऊ नये? कारण पोटात ती मोडतात, आणि जी काही उरतील ती आतड्याच्या भिंतीतून अखंड रक्तात जात नाहीत. गव्हाच्या प्युरोथायोनिनचा तर पूर्ण पुरावा आहे. 1942 मध्येच ते लहान प्राण्यांना टोचून पाहिलं गेलं आणि प्राणी दगावले. गव्हाची पोळी मात्र आपण रोज खातो आणि आपल्याला काही होत नाही. तोंडावाटे ते निरुपद्रवी आहे आणि निरुपयोगीही. शिरेतून ते विष आहे. औषधी वनस्पतींची आपली परंपरा मी कमी लेखत नाही. तिच्यातल्या अनेक उपचारांना इतर रसायनांचा आधार आहे. पण त्या परंपरेच्या खात्यावर या पेप्टाइडांची पुण्याई जमा करता येणार नाही, कारण ती काढ्यातून रुग्णाच्या संसर्गापर्यंत पोहोचतच नाहीत.

विकरांवर तोड झाडांनीच काढून ठेवली आहे, आणि ती सायक्लोटाइडांत दिसते. 1960 च्या दशकात लोरेंट्स ग्रान हे नॉर्वेचे डॉक्टर काँगोत रेड क्रॉसच्या कामावर असताना त्यांनी पाहिलं, की बाळंतपण लवकर व्हावं म्हणून तिथल्या बायका एका झाडाचा उकळलेला काढा पितात. त्यातलं सक्रिय पेप्टाइड उकळूनही आणि पोटातून जाऊनही टिकत होतं. कालाटा बी1 असं नाव मिळालेल्या या पेप्टाइडाची रचना 1995 मध्ये उलगडली: 29 अमिनो आम्लांच्या साखळीची दोन टोकं एकमेकांना जोडून वर्तुळ झालेलं, आणि आतून तीन गंधक-बंधांची गाठ. विकराला कापायला सुरुवात करण्यासाठी मोकळं टोकच नाही. मघाशी काढ्याबद्दल जे म्हटलं, त्याला हा सच्चा अपवाद आहे, आणि तो अपवाद रचनेमुळे घडतो. गोकर्णाची पेप्टाइडं याच जातीची. ऑस्ट्रेलियात गोकर्णाच्या अर्कापासून केलेलं कीटकनाशक बाजारात आलंही. पण सायक्लोटाइडं पटल फोडण्यात इतकी तरबेज, की त्यांतली कित्येक तांबड्या रक्तपेशीही फोडतात. टिकाऊपणा मिळाला तो निवडकपणा गमावून. त्यांचा सांगाडा ठेवायचा आणि भारित अमिनो आम्लं बदलून पटलांमधला भेद ओळखायला लावायचं, या दिशेने काम चालू आहे. त्यातून काही निघालं तर ते गोकर्णाचं राहणार नाही, गोकर्णाकडून शिकून माणसाने घडवलेलं असेल. मला त्यात काही उणेपण वाटत नाही.

खर्चाचा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याला नेहमी एकच उत्तर दिलं जातं: इन्सुलिन. तेही 51 अमिनो आम्लांचं, तीन गंधक-बंधांचं पेप्टाइड; एकेकाळी डुकरा-गाईंच्या स्वादुपिंडातून काढावं लागे, 1982 पासून जंतूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, आणि पुढे बायोकॉन, वोक्हार्ट अशा भारतीय कंपन्यांनीही ते यीस्टमध्ये बनवलं. मग जंतुनाशक पेप्टाइडं तशी का बनवू नयेत? बनवता येतील, पण हिशेब मांडायला हवा. इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे सुमारे 0.035 मिलिग्रॅम. दिवसाला 40 युनिट घेणाऱ्याला दीड मिलिग्रॅमहूनही कमी पेप्टाइड लागतं. जिवाणू मारण्यासाठी शिरेतून दिलं जाणारं पॉलिमिक्सिन बी, जे स्वतः जिवाणूंकडून मिळणारं पेप्टाइड आहे, ते 60 किलोच्या रुग्णाला दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या आसपास द्यावं लागतं, आणि एवढ्या मात्रेत ते मूत्रपिंडांना त्रास देतं. संप्रेरक एका इशाऱ्यावर काम करतं. जंतुनाशकाला प्रत्येक जिवाणूपाशी दाटीने पोहोचावं लागतं. शरीरभर पोहोचवायचं तर इन्सुलिनच्या पन्नास-सत्तर पट माल लागेल. तळहाताएवढ्या जखमेवर लावायचं तर काही मिलिग्रॅम पुरतील, आणि तिथे इन्सुलिनचा दाखला चपखल बसतो. खर्चाचा आक्षेपही अशा रीतीने मला त्याच जागी, शरीराच्या पृष्ठभागावर, आणून सोडतो.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत जड पुरावा एका बेडकाकडून येतो आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. मायकेल झास्लॉफ यांनी 1987 मध्ये आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन शोधलं. त्यावरून घडवलेलं पेक्सिगॅनन हे मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी तयार झालं. म्हणजे अगदी मी म्हणतो तसा, जखमेवरचा वापर. 1999 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने ते नाकारलं: तोंडाने घ्यायच्या ओफ्लॉक्सॅसिनइतकंच ते चाललं, सरस ठरलं नाही. 2016 मध्ये पुन्हा चाचण्या झाल्या, त्यांत औषध नसलेल्या नुसत्या मलमाहूनही ते वरचढ ठरलं नाही. जखमेवर लावलेलं पेप्टाइडही दोनदा पडलं, मग माझा आग्रह कशासाठी? कारण या चाचण्या ज्या जखमांवर झाल्या त्या सौम्य संसर्गाच्या होत्या. त्या नीट धुतल्या, मेलेला भाग काढला, पायावरचा भार कमी केला, की बहुतेक बऱ्या होतात. अशा जखमेत कोणतंही औषध आपलं वेगळेपण दाखवू शकत नाही. लघवीची नळी, शिरेत ठेवलेली सेंट्रल लाइन, हाडात बसवलेला स्क्रू यांच्या पृष्ठभागाची गोष्ट वेगळी. तिथे जिवाणू चिकट बायोफिल्म बांधून बसतात आणि आतून दिलेलं अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. पृष्ठभागाला बांधून ठेवलेलं पेप्टाइड तिथे पहिल्या जिवाणूलाच गाठू शकतं, तेही अत्यल्प मात्रेत, आणि रक्तात न मिसळता. बेडकाच्या अपयशातून मी हे शिकतो, की जागा निवडताना ‘बाहेरून लावता येतं’ एवढं कारण पुरत नाही. बाकीचे उपाय कुठे कमी पडतात ते आधी पाहावं लागतं. वनस्पतींच्या पेप्टाइडांपैकी सर्वांत पुढे गेलेलं एक डिफेन्सिन नखाच्या बुरशीवरच्या मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचलं आणि तिथे थांबलं. जिवाणूंच्या संसर्गावर मान्यता मिळालेलं झाडाचं एकही पेप्टाइड आज नाही. हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक लेखात ठळक असावं.

झाडांकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पेप्टाइडांच्या जरा बाहेरची असली तरी इथे लागू पडते. आपली बहुतेक अँटिबायोटिकं मातीतले जिवाणू आणि बुरशी यांच्याकडून आली. झाडांकडून एकही मातब्बर अँटिबायोटिक आलं नाही. याचं एक सुंदर उत्तर 2000 साली मिळालं. दारुहळदीच्या कुळातली झाडं बर्बेरिन बनवतात. एकटं बर्बेरिन स्टॅफिलोकोकसवर फारसं चालत नाही, कारण तो जिवाणू ते नोर-ए नावाच्या पंपाने बाहेर फेकतो. पण त्याच झाडांत दुसरं एक संयुग मिळालं, जे स्वतः जंतुनाशक नाही, नुसता तो पंप बंद पाडतं. दोन्ही एकत्र असली की बर्बेरिन मारक होतं. झाड एका बाणावर विसंबत नाही, ते जोडीने मारा करतं. आपण मात्र त्यातला एकच घटक वेगळा काढतो आणि मग तो दुबळा निघाला म्हणून खंतावतो. पेप्टाइडांनाही हाच न्याय लावला पाहिजे. जिवाणूचं बाहेरचं पटल अर्धवट सैल करणारं पेप्टाइड एकट्याने त्याला मारू शकलं नाही तरी जुन्या, निरुपयोगी झालेल्या अँटिबायोटिकला आत वाट करून देऊ शकतं. मी या विषयात आज पैसे कुठे घालावेत असं कुणी विचारलं तर या जोड्यांमध्ये, असं मी निःशंक सांगेन.

प्रतिकाराचा प्रश्नही सोपा करून सांगितला जातो. पटल बदलणं अवघड म्हणून जिवाणू पेप्टाइडांना कधीच सरावणार नाहीत असं नाही, हे झास्लॉफ यांनीच दाखवलं. त्यांनी आणि ग्रॅहम बेल यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ई. कोलाय आणि स्युडोमोनास यांना 600 ते 700 पिढ्या पेक्सिगॅननच्या वाढत्या मात्रेत वाढवलं, आणि ते प्रतिकारक्षम झाले. पॉलिमिक्सिन बीच्याच कुळातल्या कोलिस्टिनचं तर प्रत्यक्ष जगात घडलं: जिवाणूच्या पटलाचा ऋणभार कमी करणारं एमसीआर-1 जनुक 2015 मध्ये चीनमध्ये सापडलं आणि ते एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतं. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वर्षानुवर्षं ओतलेल्या कोलिस्टिनने ही वेळ आणली. भारताने 2019 मध्ये पशुपालनातला त्याचा वापर बंद केला. बेल यांचा एक इशारा याहून गंभीर आहे. माणसाच्याच पेप्टाइडांवरून औषधं केली आणि जिवाणू त्यांना सरावले, तर ते आपल्या शरीराच्या जन्मजात संरक्षणालाही सरावतील. इथे झाडांच्या पेप्टाइडांची बाजू थोडी वरचढ आहे, कारण त्यांची घडण आपल्यापेक्षा दूरची. तरी हा धोका पूर्ण टळतो असं समजू नये, कारण भाराची भाषा दोघांचीही एकच आहे.

आता पुन्हा माहुलच्या खाडीकडे. इथले कोळी आणि आगरी चिखलात उतरून मासे, चिंबोऱ्या, निवट्या पकडत आले आहेत. शिंगाळ्याचा काटा घुसतो, चिंबोरीच्या डेंग्याने बोट फाटतं, आणि जखम तासन्‌तास खाऱ्या, मळक्या पाण्यात भिजत राहते. खाऱ्या पाण्यात काम करणाऱ्यांच्या हातांच्या जखमांत व्हिब्रियो आणि मायकोबॅक्टेरियम मरिनम हे जिवाणू जगभर आढळतात. यांतल्या दुसऱ्याचा संसर्ग महिनोन्‌महिने चिघळतो आणि त्याला दीर्घकाळ अँटिबायोटिकं घ्यावी लागतात. पृष्ठभागावर चालणाऱ्या जंतुनाशकाची गरज असलेली ही खरी माणसं आहेत. पण नेमक्या याच हातांवर मिठाची अडचण सर्वांत तीव्र होते: समुद्राचं पाणी रक्ताच्या जवळपास चौपट खारट. म्हणून तेरड्याचं, शेवग्याचं किंवा गोकर्णावरून घडवलेलं पेप्टाइड मुंबईत तपासायचं असेल, तर ते गोड्या माध्यमात आधी चालवून मग मिठात पाहण्याचा रिवाज उलटा करावा. पहिली चाचणी मिठात आणि रक्तद्रवात, मुंबईच्या रुग्णालयांतून मिळालेल्या प्रतिकारक्षम जिवाणूंवर. तिथे तग धरेल तेच पुढे न्यावं. निकष सुरुवातीलाच कडक असला तर यादी आखूड होईल, आणि ते बरंच आहे.

फळबागेचा मुद्दा मी शेवटी ठेवला असला तरी घाई सर्वांत जास्त तिथेच करायला हवी असं मला वाटतं. सांगोला, पंढरपूर, नाशिक भागातल्या डाळिंबाच्या बागा तेल्या रोगाने उद्ध्वस्त झाल्या. झँथोमोनास जिवाणूमुळे फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं त्यावर स्ट्रेप्टोसायक्लीन फवारलं. त्यात स्ट्रेप्टोमायसिन असतं, क्षयरोगावरचं औषध, आणि टेट्रासायक्लीन. माणसाचं औषध हेक्टरी फवारणीत गेलं. केंद्र सरकारने 2021 च्या आदेशाने शेतीतला या दोन्हींचा वापर 2024 पासून थांबवण्याचं ठरवलं. बंदी योग्य, पण बागायतदाराच्या हातात त्याजागी काय दिलं? झाडाचं पेप्टाइड झाडावरच वापरायचं तर निम्मे आक्षेप आपोआप गळतात: रक्त नाही, मूत्रपिंड नाही, आणि पानावर पडणाऱ्या फवाऱ्याचं पाणी आपण निवडू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या हेलिंग जिन यांच्या गटाने 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिंगर लाइम या लिंबाच्या भाऊबंदातलं एक पेप्टाइड प्रसिद्ध केलं. मोसंबी-संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू त्याने मारला, उष्णतेत ते टिकलं, आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही त्याने जागवली. ग्रीनिंग नागपूरच्या संत्र्यालाही आहे, सिट्रस सिल्ला ही कीड तो पसरवते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र यांच्याजवळ बागा आहेत, रोग आहे, शेतकरी आहेत. परळच्या संचात हजारो साखळ्या आहेत. बागेवर पडलेल्या पेप्टाइडाला जमिनीतले जिवाणू सरावून माणसापर्यंत धोका आणतील का, हा प्रश्न तिथेही विचारावा लागेल, आणि म्हणून माणसासाठी राखायची पेप्टाइडं बागेसाठी वापरायची नाहीत, हे पहिल्या फवारणीच्या आधीच कागदावर ठरलेलं हवं.